परत येणारा विडा

वनजाक्षीने ताटात पानं मांडली, सुपारी ठेवली, नारळ आणि दोन केळी ठेवली, वर रुमाल टाकला. तिचा थोरला भाऊ शेषाद्री कॉफीचा पेला हातात धरून दारातच उभा होता.

"आज कुठल्या गुरूची पाळी?"

"दुसऱ्या."

"पहिल्याकडून विडा परत आणलास. असा विडा परत आणणं म्हणजे अवदसा घरात आणणं. गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस."

"तोंड तुझं शाबूत आहे अण्णा. गुडघा माझा गेलाय!"

म्हैसुरात कुणाकडे वीणा शिकायची असो की योग, पहिल्या दिवशी ताटात विडा न्यायचा, पाया पडायचं. विडा दिला की तो गुरू आणि तुम्ही शिष्य. मग त्याच्या शब्दाला आणि हाताला 'नको' म्हणायची सोय नाही. वनजाक्षीने स्वतः चाळीस वर्षं वीणा शिकवली होती, शेकडो पोरींचे विडे घेतले होते. आणि गेल्या वर्षी, एकसष्टाव्या वर्षी, तिनेच शहाणपण गहाण टाकलं. अण्णाच्या सांगण्यावरून ती योगाचार्य श्रीकंठय्यांकडे गेली. केवढं नाव! दारात परदेशी शिष्यांच्या चपलांची रांग. कसं शिकवतात ते न बघताच हिने विडा दिला आणि साष्टांग नमस्कार घातला.

तिसऱ्याच दिवशी आचार्यांनी तिला पद्मासनात बसवलं. डावा गुडघा जमिनीपासून वर राहत होता. त्यांनी त्यावर तळहात ठेवला, म्हणाले, "सोडून द्या अम्मा स्वतःला," आणि दाबला. दुखलं, फार दुखलं. पण गुरूचा हात! ती हसऱ्या तोंडाने गप्प बसली. मग आतून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

त्यानंतर मांडी संपली. आता मांडी संपली म्हणजे वीणा संपली, कारण वीणेचा वरचा भोपळा डाव्या मांडीवरच टेकतो. खुर्चीत बसून काय वाजवणार, कपाळ? म्हैसुरात दसरा म्हणजे नवरात्राचे नऊही दिवस घरात पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या. गेल्या दसऱ्यालाही मांडल्या, बायका आल्या, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्या बाहुल्यांपुढे वीणा वाजली नाही. अण्णाने तर ठरवूनच टाकलं होतं. यंदाही तिला बसता आलं नाही, तर आईची वीणा बंगळूरला त्याच्या नातीकडे जाणार. पडून राहण्यापेक्षा बरं, असं तो म्हणाला. ते ऐकून वनजाक्षी पाण्याची घागर इतक्या जोरात आपटून गेली, की घागरीला पोचा आला.

त्याच दिवशी तिने ठरवलं. मांडी परत मिळवायला योग पुन्हा शिकायचा, पण आधी बघायचं, मग विडा. आणि बघायचं कसं, तर मास्तरचा हात अंगाजवळ आला की दुखो न दुखो, सरळ म्हणायचं, "नको." मग तो काय करतो ते बघायचं.

पहिल्या मास्तरने ते ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. "श्रद्धा नाही तुमच्यात. अशाने योग येत नाही."

"नसू दे," वनजाक्षी म्हणाली आणि ताट उचलून घरी आली.

दुसरा तरणाबांड होता. भिंतीवर चौकटीत लावलेली प्रमाणपत्रं, समोर भला मोठा आरसा, आणि शिकवताना त्याचं निम्मं लक्ष त्या आरशात. मागच्या कोपऱ्यात एक लठ्ठ बाई चुकीची वाकत होती, तिच्याकडे तो पूर्ण तासात एकदाही फिरकला नाही. वनजाक्षी चाळीस वर्षांची मास्तरीण, तिची नजर आधी तिथेच गेली. मग तो तिच्या खांद्यापाशी आला.

"नको," ती म्हणाली.

"घाबरता काय अम्मा!" तो हसला आणि दाबलाच खांदा.

"अरे, कान आहेत की नुसती भोकं?" वनजाक्षी उठली, आणि ताट परत आलं.

अण्णाने कपाळावर हात मारला. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा! आता काय गावभर मिरवणूक काढणार आहेस विड्याची?"

"काढेन. वाजंत्री तू लाव."

तिसरी हेमावती. मुलींच्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली आणि पहाटे गणपतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये बायकांना योग शिकवणारी. तिचं खुब्याचं हाड कधीकाळी मोडलं होतं, एका पायाने लंगडायची. तिथे ना चौकटी, ना आरसा. वनजाक्षी भिंतीला टेकून बसली. हेमावतीचा हात गुडघ्याजवळ आला.

"नको."

हेमावतीने हात लगेच मागे घेतला. "बरं. कुठे दुखतं?"

"दुखत नाही. बघत होते तुम्ही काय करता ते."

"अगं बाई, परीक्षा होती होय!" हेमावती मनापासून हसली. "झाले का पास? बरं, मला सांगा, हा गुडघा तुम्हाला कशासाठी हवाय?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. वनजाक्षीचे डोळे भरून आले, तिचा तिलाच राग आला. "वीणा वाजवायला," ती म्हणाली.

"मग पद्मासन हवंय कुणाला? मलाही येत नाही ते. तुम्हाला साधी मांडी हवी. बैठक चार बोटं वर घेऊ, गुडघ्याखाली कापडाची गुंडाळी ठेवू."

"मी चार बोटं वर, तर वीणा खाली राहील."

"मग तिच्याखाली पाट देऊ. तिला कुठे शास्त्र आडवं येतंय?"

वनजाक्षीने तिथल्या तिथे ताट पुढे केलं. हेमावतीने ते मागे सारलं. "आत्ता नको. दसऱ्याला बसलात तर द्या. नाही बसलात तर मी कसली मास्तरीण?"

तिसऱ्यांदा विडा परत आला. संध्याकाळी अण्णा म्हणाला, "जिला स्वतःला पद्मासन येत नाही, ती तुला शिकवणार. आनंद आहे!"

पाच महिने वनजाक्षी रोज पहाटे देवळामागे गेली. काही दिवस नुसते पाय लांब करून, काही दिवस रडत. तिने 'नको' म्हटलं की हेमावती थांबायची, आणि कधी कधी हेमावतीच तिला थांबवायची.

पाचव्या माळेच्या संध्याकाळी घर बायकांनी भरलं. बाहुल्यांच्या पायऱ्या सजल्या होत्या, उसळीचे द्रोण फिरत होते. आणि पहिल्या खुर्चीवर कोण, तर योगाचार्य श्रीकंठय्या! अण्णाने मुद्दाम बोलावलेले. हेमावती मागे, चपलांजवळच्या खांबाला टेकून उभी होती.

वनजाक्षीने दोन घोंगड्या घडी घालून ठेवल्या, शेजारी वीणेसाठी पाट ठेवला. खोलीत कुजबुज झाली. ती हळूच खाली बसली, उजवा पाय दुमडला, मग डावा, आणि त्याखाली साडीची गुंडाळी सरकवली. गुडघा वरच राहिला, वीतभर. पण मांडी झाली.

"हे कुठलं आसन?" आचार्य मोठ्याने म्हणाले. "गुडघा हवेत! माझ्याकडे टिकला असतात तर आज जमिनीला लागला असता. थांबा अम्मा, थोडंसं दाबलं की बसेल." ते उठले, वाकले, आणि त्यांनी हात पुढे केला.

"नको!"

घरातल्या भांड्यांनाही ऐकू गेलं असेल. हात हवेतच राहिला.

"वनजा," अण्णा दबक्या आवाजात म्हणाला, "गुरू आहेत ते. विडा दिलायस तू त्यांना."

"दिला होता. तोच भोळेपणा झाला माझा," वनजाक्षी म्हणाली. "आचार्य, हा गुडघा तुम्ही मोडलात. त्या दिवशी मला 'नको' म्हणायला हवं होतं, मी म्हटलं नाही. आज म्हणते. हात मागे घ्या, आणि बसा. वीणा ऐकायची असेल तर ऐका, नाहीतर दार उघडं आहे."

श्रीकंठय्या उभेच राहिले. मग बसले, कारण सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

वनजाक्षीने वीणा ओढून घेतली. भोपळा मांडीवर टेकला तेव्हा गुडघ्यात कळ आली, पण सोसण्यासारखी. ती वाजवू लागली. पहिल्या दोन ओळींत बोटं अडखळली, वर्षभराचा गंज होता, मग सुटली. अर्धा तास वाजवत होती. अण्णा बाहुल्यांकडे बघत बसला, आणि मधूनच त्याने उपरण्याने डोळे पुसले. वीणा बंगळूरला जायची गोष्ट त्यानंतर त्या घरात निघाली नाही.

वाजवणं संपल्यावर तिने बसल्या बसल्याच ताट मागितलं. ताजी पानं, सुपारी, नारळ. "हेमावती अम्मा, पुढे या."

हेमावती लंगडत, बायकांमधून वाट काढत पुढे आली. आचार्यांच्या खुर्चीजवळून गेली आणि वनजाक्षीपुढे उभी राहिली. वनजाक्षीने ताट दोन्ही हातांनी उचललं.

हेमावतीने ताटाकडे बघितलंच नाही. ती गुडघ्याकडे बघत होती.

"अर्धा तास झाला," ती म्हणाली. "आधी पाय सरळ करा. मग विडा."