बिनभाड्याचा भाडेकरू

मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी पहिली शिकवण दिली ती पाण्याची. सकाळी उठल्याबरोबर घरातलं सगळं शिळं पाणी ओतायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. अगदी फुलदाणीतलंसुद्धा. सासूबाई एखादवेळ विसरत, जाऊबाई कधीच नाही. मी आळस केला की म्हणायच्या, "धाकटे, शिळ्या पाण्याने घराला मरगळ येते."

आता घरात आम्ही दोघीच. दोघींचेही नवरे कधीचेच गेले. जाऊबाईंना सकाळचं दुपारी आठवत नाही. दोनदा गॅस उघडा राहिला, तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, आईला वृद्धाश्रमात ठेवू, काकू, तुझ्याच्यानं आता निभणार नाही. वाईट नाही तो, माझ्याच मांडीवर वाढलेला. मी थोडी मुदत मागून घेतली. रोजचं एखादं काम हाती असलं की माणूस दिवसाला धरून राहतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

म्हणून मी काचेची टाकी आणली, बादलीभर पाणी मावेल एवढीच. माशांचा दुकानदार म्हणाला, एवढ्याशा पाण्यात एकच फायटर मासा राहील, आणि तोही लगेच नाही. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जायला हवं, स्पंजच्या फिल्टरला बुळबुळ धरायला हवी, तीच माशाची घाण पचवते. रोज चिमूटभर खाद्य टाकून कुजू द्या, पाणी मुरू द्या.

खडे जाऊबाईंनी धुतले, तांदूळ धुवावेत तसे, पाणी नितळ येईपर्यंत. एक रोप दगडाला दोऱ्याने बांधलं, त्याची गाठही त्यांनीच मारली. मग रोज विचारायच्या, मासा कुठाय? मी सांगायची, पाणी मुरतंय. दर वेळी त्यांना नव्याने हसू यायचं. "शिळ्या पाण्याची चाकरी! सासूबाई असत्या तर तुला माहेरी धाडलं असतं."

अखेर मासा आला. निळा, झालरीसारख्या परांचा. जाऊबाई खुर्ची ओढून समोर बसल्या.

"हा भाडं किती देतो?"

काहीच नाही, म्हटलं.

"म्हणजे बिनभाड्याचा भाडेकरू. तुझ्यासारखाच."

कितीतरी दिवसांनी मी पोट धरून हसले. त्यानंतर त्या उठल्या की आधी टाकीपाशी जायच्या आणि मी त्यांच्या तळहातावर ठेवलेले चार दाणे एकेक करून टाकायच्या. हरवलेली 'धाकटे' ही हाकही परत आली. मी पुतण्याला फोनवर सगळं सांगितलं. रविवारी येऊन बघतो, म्हणाला.

रविवारी मी दूध घेऊन परतले, तर टाकी लखलखत होती. शेजारी तांब्या आणि ओलं फडकं. काच पुसलेली, खडे पुन्हा धुतलेले, स्पंज साबणाने घासून पांढराशुभ्र केलेला. नळाचं ताजं पाणी काठोकाठ. मासा तळाशी आडवा पडला होता. एक कल्ला तेवढा हलत होता, बघता बघता तोही थांबला.

जाऊबाईंच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या, चेहरा उजळला होता. "मुलगा येतोय ना माझा," त्या म्हणाल्या. "तू तर शिळंच ठेवलं होतंस."

मुलगा येणार, हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं. वर्षभरात हे एकच काम त्यांनी मध्ये न विसरता पुरं केलं होतं. रागवायचं तरी कुणावर?

पुतण्या आला, टाकीपाशी उभा राहिला. "काकू," एवढंच म्हणाला. मी कपाट उघडून जाऊबाईंचे कपडे घड्या घालायला काढले.

वृद्धाश्रमाची गाडी यायला आठवडा लागला. तेवढ्या दिवसांत त्या पुन्हा विचारायला लागल्या, मासा कुठाय? मी सांगायची, पाणी मुरतंय. त्या हसायच्या.

निघताना दारात थांबून त्यांनी माझा हात धरला. "धाकटे, मासा आला की त्याला दाणे घालत जा. तू विसरशील."

मी हो म्हटलं.

टाकीतलं पाणी अजून ओतलेलं नाही.