घरावरचा चिंचोका

“तळं जरा मोठं काढा वहिनी, पोरं परदेशाहून आलीत,” मी म्हणालो.

“कोरडंच तर हाय. कोरडं कितीबी मोठं काढता येतंय, भाऊजी,” पंचफुलावहिनी कंबर धरत म्हणाल्या आणि चावडीपुढं त्यांनी निळ्या रांगोळीची मूठ सोडली.

‘विकास’ हा विषय शिकणारी मंडळी मुखेडकडच्या आमच्या गावी यायची ती या नकाशासाठी. वहिनींनी जमिनीवर रांगोळीनं गाव काढायचं, त्यांनी फोटो घ्यायचे. ज्या घरातलं माणूस गाव सोडून गेलं, त्या घरावर चिंचोका ठेवायचा. वहिनींनी गाव इतक्यांदा काढलं की आप्पासाहेबांची शेळी एकदा रांगोळीतलं तळं पिऊन आली आणि आठवडाभर निळं दूध देत राहिली. त्या दुधाचा चहा मी स्वतः प्यालोय. खोटं असतं तर गोड लागला असता का?

या खेपेला वही घेऊन समोर बसली होती ती वहिनींचीच लेक गीतांजली. परदेशात आंतरराष्ट्रीय विकासाचं एम.ए. करत होती; वर्गातली पोरं तिनंच आणली होती. शिकून झाल्यावर ती परत येणार की तिकडंच राहणार, हे वहिनींना फोनवर कधी विचारवलं नव्हतं.

चिंचोके पडत गेले. व्यंकटच्या घरावर पडला, दयानंदच्या घरावर दोन. वहिनींचं घर मोकळं. दर खेपेला मोकळंच असायचं. “शिकाया गेली हाय ती, गाव सोडून न्हाई,” असं म्हणायच्या.

“मावशी, या घरातलं कुणी बाहेर असतं का?” गीतांजलीनं पाहणीच्या सवयीनं विचारलं. विचारल्यावर तिला कळलं, आपण कुणाला मावशी म्हटलं.

वहिनींनी चिंचोका धरलेला हात पुढं केला. “तूच सांग बाई. ठेवू का न्हाई?”

परदेशी पोरांना वाटलं, चर्चा रंगली. एकानं फोटो काढला.

गीतांजलीनं चिंचोका घेतला, मुठीत धरून बसली. मग म्हणाली, “मला तिकडंच नोकरी लागली हाय, आई.” आणि वाकून तो घरावर ठेवला.

“दारात नको,” वहिनी म्हणाल्या. “येणाऱ्याच्या पायात येतंय. कडंला ठेव.”

गीतांजलीला आणि पोरांना घेऊन जीप गेली. वहिनींनी चिंचोके वेचून डब्यात टाकले. पुढच्या मंडळींना लागतात. शेळी तळ्याशी येऊन उभी राहिली.

“बघा वहिनी, उद्या निळा चहा!” त्यांना हसू यावं म्हणून मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. खराट्यानं देऊळ झाडलं, तळं झाडलं, रस्ता झाडला. स्वतःच्या घराशी आल्यावर खराटा उचलला आणि घर ओलांडून पलीकडं टेकवला.