लीलाबाईचं अखंड सौभाग्य

लीलाबाई कधीच विधवा होणार नव्हती. नवव्या वर्षी आईबापांनी तिचं लग्न देवाशी लावलं होतं, आणि देव काही मरत नाही. त्याच देवानं तिला पुढे सांगलीत रंगुबाईच्या कुंटणखान्यात कसं पोचवलं, ते त्यालाच ठाऊक. सौभाग्य मात्र शाबूत राहिलं. त्यामुळे एरवी नाकाला पदर लावून त्या बोळातून जाणाऱ्या बाया लेकीचं मंगळसूत्र ओवून घ्यायला तिच्याकडेच यायच्या.

चव्वेचाळीसच्या चैत्रात तासगावाकडून धोंडुबाई आली. पांढरं कपाळ, ओटीत काळे मणी. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "जावई पल्टणीत हाय. लगीन झालं की परत ब्रह्मदेशात. माझ्या हातानं ओवाय चालत न्हाई. तुमचा हात पायजे, बाई."

लीलाबाईनं दोरा घेतला, गाठ मारली आणि खाली ठेवला.

महिन्यापूर्वी निरोप आला होता. रहिमतपूरचा केरबा लढाईत गेला. हा केरबा रजेवर आला की अर्धा दिवस छपरावर चढून कौलं सारखी करायचा. गिऱ्हाइकाला हे शोभत नाही, असं रंगुबाईचं मत होतं.

"मला जमायचं न्हाई," लीलाबाई म्हणाली.

"का गं? देव मेला का काय?" रंगुबाई सुपारी कातरत हसली.

"माझा माणूस गेला लढाईत. ह्यांच्या लेकीला माझा हात नको."

अडकित्ता थांबला. पहाटे निघून आलेली धोंडुबाई आता कडाकडा बोटं मोडणार, असं रंगुबाईला वाटलं. पण ती उंबरा ओलांडून आत आली आणि लीलाबाईशेजारी टेकली.

"रडलीस का?"

"हितं कोण रडू देतंय? आमाला रंडकी व्हायला येत न्हाई म्हंत्यात."

"मला तरी कुटं येत हुतं, बाई."

मणी शेवटी त्याच घरातल्या मनुबाईनं ओवले. तीही देवालाच दिलेली. पण तिचा देव अजून धडधाकट होता. ती ओवत असताना धोंडुबाईनं हळूच विचारलं, "नाव काय हुतं त्येंचं?"

'ए केरबा, उतर खाली, पडशील!' ही हाक लीलाबाईनं बोळभर ऐकू जाईल अशी शंभरदा मारली होती. आता तिनं डोक्यावरून पदर ओढून घेतला, खाली बघितलं आणि म्हणाली,

"रहिमतपूरचं हुतं ते."

धोंडुबाईनं मान हलवली. पुन्हा नाव विचारलं नाही.