मशीन बोलतंय तोवर

"लाल माझी सासू, काळी माझी सून, निळी नणंद उभी जरा दूर राहून."

हा बाबांचा आवाज. मी सात-आठ वर्षांची असेन. ते टेबलाशी वाकून तारा जोडत असायचे आणि मी स्टुलावर पाय हलवत बसलेली. हे गाणं त्यांनीच जुळवलं होतं, लेकीला तारा ओळखता याव्यात म्हणून. पुढची ओळ म्हणताना मान वर करून माझ्याकडे बघायचे: "भिडल्या गं सासू-सुना, दिवा गेला विझून." लाल तार काळीला टेकली की खेळ खलास, एवढाच त्याचा अर्थ. शाळेतल्या सगळ्या कविता विसरले, ही तेवढी राहिली.

आता बाबा घरी बसतात, डोळे साथ देत नाहीत. त्यांची कामं मी करते. त्या दिवशी सकाळी साडेदहाला थिएटरच्या वरच्या खोलीत मी जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर साउंड प्रोसेसर, म्हणजे सिनेमाचा आवाज ज्या पेटीतून वाटला जातो ती. पेटी मुकी होती. तिला वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय, चालू व्हायचा, एकदा टिक करायचा आणि बंद पडायचा. दोन सेकंदांनी पुन्हा टिक. कुणीतरी दार उघडून आत डोकावतंय आणि नको बाई म्हणून पुन्हा लावून घेतंय, असं काहीसं.

"कधीपासून असं?" मी विचारलं.

"सकाळी बटण दाबलं तेव्हापासून," मामा म्हणाले.

मामा इथले ऑपरेटर. एकतीस वर्षं याच खोलीत. सख्खे मामा कुणाचेच नाहीत, तरी सगळे मामाच म्हणतात. मामी गेल्या, लेक लग्न होऊन लांबच्या गावी, त्यामुळे राहणंही मागच्या बाजूच्या लहानशा खोलीत. लहानपणी मला उचलून याच खिडकीतून पडदा दाखवायचे. वर सांगायचे, "बघ, पण रडायचं नाही. रडारडीला खाली तिकीट लागतं."

तेवढ्यात थिएटरचे मालक धापा टाकत जिना चढून आले. त्यांना सगळे शेठ म्हणतात.

"ताई, तीनचा खेळ आहे. मला लांबण लावू नका, एकच सांगा. मेलं की जिवंत?"

"बघते ना."

"मेलं असेल तर मी पडदा गुंडाळतो. नवं मशीन आणून या वयात मामांना अ आ इ ई गिरवायला लावणार नाही मी. आणि दुसरा माणूस मला नको." मग मामांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "यांनी माझ्या वडिलांना शब्द दिलाय. 'मशीन बोलतंय तोवर मी इथून हलणार नाही' म्हणून. आहे का असा माणूस आजकाल?"

मामांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेलं कपाट पुसायला लागले.

शेठ खाली गेले. माझ्या एका शब्दावर एकतीस वर्षांना कुलूप लागणार होतं. मामा जाणार कुठे?

फ्यूज पाहिला, शाबूत. भिंतीतली वीज मोजली, बरोबर. मग कपाटातला जादा सप्लाय काढला. त्याच्यावर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती: बरा. हायसं वाटलं. तो बसवला.

टिक.

मी खुळ्यासारखी बघत राहिले. दोन डबे, दोघांना एकच दुखणं? की हा बरा नव्हताच? बाबांना फोन लावला.

"बाबा, तुम्ही 'बरा' लिहिलंय ते बरा झाला म्हणून, की आपला बरा म्हणून?"

"बरा म्हणजे बरा."

"अहो, पण चांगला आहे का?"

"चांगला असता तर चांगला नसतं का लिहिलं?"

"म्हणजे बिघडलेला आहे?"

"बिघडलेला असता तर कपाटात ठेवला असता का? तू पण ना. आईला विचार, तब्येत कशी म्हटलं की ती काय सांगते. बरी आहे. आता त्याचा काय अर्थ घ्यायचा, ते चाळीस वर्षांत मला कळलं नाही."

मागून आई काहीतरी बोलली आणि फोन ठेवला गेला.

झालं. आता मला ना सप्लायवर विश्वास, ना चिठ्ठीवर, ना स्वतःवर. शेवटी दोन्ही डबे बाहेर काढले आणि मोटारीच्या दिव्याचे बल्ब जोडून त्यांच्यावर भार टाकला. जुना डबा पाच मिनिटं ठाम. बरा सुद्धा पाच मिनिटं ठाम, बल्ब लख्ख. म्हणजे बरा चांगला निघाला. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कारण पेटीत घातला की पुन्हा टिक.

मग दुखणं पेटीच्या पोटात. आत सहा कार्डं, एकेक ओढून काढायचं आणि बघायचं. पहिलं काढलं, टिक. दुसरं, टिक. सहाही काढून वर्तमानपत्रावर ओळीने निजवली. पेटी रिकामी. आत कुणी नाही. तरी टिक.

मला काही कळेना. पाहुणे गेले, घरचे गेले, चूल थंड, आणि ताट कोण वाढून घेतंय?

"सोड आता, पोरी," मामा मागून म्हणाले. त्यांनी चहा आणला होता. "किती जीव काढशील? त्याचं वय झालं. सांगून टाक शेठला."

"असं कसं सांगून टाकू? तुमचं काय मग?"

"माझं काय?" ते म्हणाले, आणि कप माझ्या हाताशी न ठेवता खिडकीशी ठेवून आले. मला वाटलं, बिचारे मलाच धीर देताहेत. मी आणखी इरेला पेटले.

पुन्हा बाबांना फोन. दीड वाजून गेला होता.

"सगळी कार्डं बाहेर आहेत, तरी भार दाखवतंय."

बाबा म्हणाले, "मागचं झाकण काढलंस?"

"ते कशाला? आत नुसत्या पिना. तिथे कुणाचा हात जातो?"

"जात नाही म्हणून तर बघायचं."

पेटी भिंतीपासून ओढली. मागे धूळ बोटभर. पण झाकणाचे चारही स्क्रू चकचकीत, धुळीत चार चांदण्या. ते पाहून मी आणखीच चक्रावले. झाकण काढलं, बॅटरी मारली. लाल खुणेच्या पिनेपासून काळ्या खुणेच्या पिनेपर्यंत तांब्याचा एक धागा. केसाएवढा. सासू-सून घट्ट गळ्यात गळा घालून बसलेल्या.

आधी वाटलं, तुटकी तार उडून पडली असेल. चिमट्याने हलवली. हलली नाही. दोन्ही टोकं सोल्डर केलेली होती, म्हणजे वितळलेल्या कथिलाच्या थेंबाने डकवलेली; थेंब गोल, लहान, कुठे ओघळ नाही. असा थेंब टाकणारा माणूस मला एकच माहीत होता. लहानपणी याच खोलीत मी त्याच्याकडूनच शिकले होते, बाबांचे थेंब तर चिखलासारखे पडायचे.

तरी कळेना. ज्या माणसाला वाचवायला मी तीन तास राबत होते, त्यानेच का हे करावं? शेठशी भांडण झालं? मला काही चुकीचं दिसतंय का? मी मान वळवली. मामा खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर, बक्षिसाची किंवा शिक्षेची वाट बघणाऱ्या शाळकरी मुलासारखे.

"मामा, हे..."

जिन्यावर शेठची पावलं वाजली.

तार कापायची कातर आता माझ्या हातात होती. एक कट आणि पेटी बोलायला लागणार. किंवा झाकण लावून म्हणायचं, मेलं. मी मघापासून जिला दया समजत होते ती नेमकी कोणत्या बाजूला होती, तेच आता सांगता येईना.

"काय ताई?" शेठ दारातच उभे राहिले. "मेलं की जिवंत?"

मी कातर पेटीवर ठेवली.

"जिवंत आहे शेठ," मामा म्हणाले. ते उभे राहिले नाहीत. "धडधाकट आहे. आत तार मी लावली, काल. तिला काही विचारू नका, तिला आत्ता कळलंय."

शेठ माझ्याकडे बघायला लागले, मग पेटीकडे, मग पुन्हा मामांकडे. "का पण? मी काही बोललो का तुम्हाला?"

"तुम्ही नाही बोललात. तुम्ही कधी वाईट बोलला असता तर सोपं गेलं असतं." मामांनी तळहात गुडघ्यावर पुसले. "लेक तीन वर्षं बोलावतेय. नातू चालायला लागला, मी फोनवरच ऐकलं. दरवेळी तिला सांगतो, मशीन अजून बोलतंय. मला जायचंय, शेठ. तुमच्या वडिलांना शब्द दिला तेव्हा वाटलं होतं, हे फार तर पाच-सहा वर्षं टिकेल."