हिंदुरावांची मोटार

चन्नवीरचं सोलापूरच्या बाजारात दोरखंडांचं दुकान होतं. माणूस सज्जन, पण तोंडावर नाही म्हणायची वेळ आली की तो हो म्हणून मोकळा व्हायचा. हिंदुरावांना नाही म्हणणं तर बाजारात कुणालाच जमत नव्हतं. दुकानदारांची भांडणं तेच मिटवायचे, कधी कधी तेच लावायचे. एका सकाळी त्यांनी आपली जुनी मोटार दुकानासमोर आणून उभी केली.

"तू गाडी बघतोयस म्हणं. दुसरीकडं कशाला जातोस? हीच घे."

गाडी हवी होती हे खरं. चन्नवीरच्या बायकोला, शरणम्माला, दमा होता. अक्कलकोटला माहेरी जाताना एस.टी.च्या गर्दीत तिचा जीव गुदमरायचा.

रविवारी तिघं गाडी बघायला म्हणून अक्कलकोट रोडला लागली. हिंदुराव चालवत होते, चन्नवीर शेजारी, शरणम्मा मागे.

"आवाज ऐक इंजनाचा. लोणी हाय की न्हाय?"

"व्हय, व्हय," चन्नवीर म्हणाला. पण त्याचं लक्ष हिंदुरावांच्या पायाकडे होतं. समोर बैलगाडी दिसली की ते लांबूनच ब्रेक दाबायला लागायचे. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. तेव्हा कुठं गाडी धिमी व्हायची.

"मालक, मी जरा चालवून बघू?"

"घेतल्यावर जन्मभर चालव की."

वस्ती मागे पडली. ज्वारीच्या मोकळ्या रानातून रस्ता सरळ गेला होता. मागून शरणम्मा हळूच म्हणाली, "ब्याड री." नको. ती घाबरली की कन्नडच बोलायची.

"चालवल्याबिगर मी घेणार न्हाय," चन्नवीर म्हणाला. आवाज आपला आहे यावर त्याचा विश्वास बसेना.

हिंदुरावांनी त्याच्याकडे पाहिलं. नजर हटेना, आणि रस्ता तर पुढे धावत होता. मग त्यांनी गाडी कडेला घेतली.

"चालव. पर गाडीला काय झालं तर ते तुझ्या अंगावर."

मेव्हण्याच्या जीपवर तो चालवायला शिकला होता. सुरुवातीला बरं चाललं. मग ओढ्याकडे जाणारा उतार लागला आणि पुलाच्या अलीकडे मेंढरांचा कळप रस्ता ओलांडताना दिसला. त्यानं ब्रेक दाबला. पाय सरळ तळाला जाऊन टेकला. पुन्हा दाबला. काहीच नाही. मेंढरं मोठी मोठी होत अंगावर यायला लागली, धनगर काठी उंचावून ओरडत होता, मागे शरणम्मा ओरडत होती. गियर त्यानं कसा उतरवला, हँडब्रेक कधी ओढला, त्याचं त्याला कळलं नाही. चाक वळवून त्यानं गाडी रानात घातली. ढेकळांवरून आदळत ती बांधाला धडकून थांबली.

धनगर धावत आला. त्यानं हिंदुरावांना ओळखलं, काठी खाली घेतली आणि मेंढरं हाकत निघून गेला. आता रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

हिंदुराव उतरले. पुढचा बंपर चेपला होता. त्यांनी त्यावरून सावकाश हात फिरवला.

"आपटलीस. आता ही तुझीच."

"मालक, ब्रेक न्हायत हिला."

"तुला चालवता येत न्हाय." ते जवळ आले. चन्नवीरच्या सदऱ्याची कॉलर त्यांच्या मुठीत आली, तरी आवाज मऊच होता. "बाजारात दुकान चालवायचंय न्हवं तुला?"

हो म्हटलं की हे सगळं संपेल, इतकं सोपं होतं. चन्नवीरनं मागे पाहिलं. शरणम्मा दार धरून उभी होती, ओठ निळसर पडलेले, श्वासासाठी धडपडत. हिच्यासाठीच तर गाडी हवी होती.

"मी घेणार न्हाय. ह्या गाडीत मी माझ्या बायकोला बसवणार न्हाय," तो म्हणाला.

मूठ आवळली, आणि मग सुटली.

तो शरणम्माला धरून सोलापूरच्या दिशेनं चालू लागला. थोड्या वेळानं मागे इंजिन सुरू झालं. त्यानं वळून पाहिलं नाही. आवाज जवळ येत गेला, आणि गाडीला ब्रेक नाहीत हे मागच्याला ठाऊक होतं, पुढच्यालाही. त्यानं शरणम्माला ओढून एका बाभळीच्या बुंध्याआड घेतलं. गाडी रस्त्याची कड घासत, धुरळा उडवत हातभर अंतरावरून गेली. काचेतून हिंदुराव हसत असल्यासारखे दिसले. शरणम्माचा दम बसेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली. नंतर एका ट्रकवाल्यानं त्यांना शहरात सोडलं.

मंगळवारी हिंदुराव दुकानात आले. गिऱ्हाईकं होती. "गाडी कवा नेतोस?" त्यांनी विचारलं, जणू काही घडलंच नव्हतं.

चन्नवीरनं हातातली सुतळीची गुंडाळी खाली ठेवली. "नेणार न्हाय मालक. ब्रेक न्हायत तिला."

गिऱ्हाईकांनी माना वर केल्या. "बघू," हिंदुराव म्हणाले आणि गेले.

पुढे कितीतरी महिने दुकान बंद करताना चन्नवीर रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघायचा. काही झालं नाही. पण काही होणार नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शरणम्मा एस.टी.नंच माहेरी जायची. तो पहाटेच स्टँडवर जाऊन तिच्यासाठी खिडकीची जागा धरायचा.