फुगलेलं रबर

बहात्तरच्या उन्हाळ्यात सोमाची टॅक्सी सुरतेतल्या उधन्याच्या रेल्वे फाटकाशी थांबली, पण पायाखालचं ब्रेकचं पेडल थांबेना. ते हळूहळू खाली सरकत पार तळाला टेकलं. गाडी पुढच्या बैलगाडीच्या दिशेने घरंगळू लागली. सोमाने हँडब्रेक ओढला, तेव्हा मधे हातभरसुद्धा जागा उरली नव्हती.

तो तसाच हळूहळू भिकन मिस्त्रीकडे गेला. भिकनने चारही चाकांच्या आतून बोटं फिरवली. कुठेच ओल नव्हती. ड्रायव्हरच्या पायाखालची झाकणी उचलून त्याने ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये पाहिलं. तेल पुरेपूर होतं.

"पेडल दाबून धर."

सोमाने दाबलं. आधी घट्ट लागलं, मग खाली जायला लागलं.

"तेल बाहेर गळत नाही," भिकन म्हणाला. "आतलं रबर दाब धरत नाही."

सिलिंडर खोलल्यावर त्याने ते रबर तळहातावर घेतलं आणि बराच वेळ पाहत राहिला. "सोमाभाऊ, हे झिजलेलं नाही. फुगलंय. यात दुसरंच तेल पडलंय."

"मी तुझ्याकडचंच टाकतो."

"मग आणखी कोणीतरी टाकतंय."

भिकनने नवा सिलिंडर बसवला, चाकांतली रबरं बदलली, सोमाला पेडल मारायला लावून एकेका चाकाच्या ब्रेकच्या नळीतली हवा काढली. गाडी पहिल्यासारखी थांबू लागली. सोमाला मात्र चैन पडेना.

गाडी डिंडोलीत घरासमोरच उभी असायची. सोमाखेरीज तिला हात लावायचा तो फक्त बाजीराव, त्याचा धाकटा भाऊ. तो कापडाच्या लूमवर कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी गाडी धुवायचा. नुकतंच त्याने लायसन काढलं होतं. "दादा, एक पाळी मी चालवतो," असं त्याने विचारलं, तेव्हा सोमा म्हणाला होता, "एका गाडीला दोघांचे हात नकोत." तेव्हापासून बाजीराव जेवतानाही फारसं बोलत नसे.

सोमाने मनातला संशय कोणालाच सांगितला नाही, बायकोलाही नाही. सुट्टीच्या दिवशी तो खिडकीआडून पाहू लागला. बाजीराव दार उघडून आत वाकायचा, त्याची फक्त पाठ दिसायची. पोरपणी ज्याला खांद्यावर बसवून हिंडलो, तो आपल्या मरणावर टपलाय, हा विचार सोमाने पुष्कळदा झटकला. तो परत परत येत राहिला.

मग एका सकाळी त्याने झाकणी उचलली. आदल्या दिवशी खाली गेलेलं तेल काठोकाठ भरलं होतं. थोडं तेल बाटलीत घेऊन तो पायीच भिकनकडे निघाला.

भिकन बाहेर गेला होता; दुपारी आल्यावर त्याने ते पाण्याच्या पेल्यात ओतलं. "ब्रेकचं तेल पाण्यात मिसळून जातं," तो म्हणाला. या तेलाचा पिवळा थर मात्र वर तरंगत राहिला. भिकनने वास घेतला. "लूमचं तेल."

भिकनच्या मोटारसायकलवर बसून दोघे डिंडोलीला आले. घरासमोर गाडी नव्हती.

"भाऊजी सकाळीच घेऊन गेले," सोमाची बायको आनंदी म्हणाली. "आज लूम बंद आहेत. सासूबाईंना व्याऱ्याहून आणायचंय असं तुम्हीच म्हणत होता ना? मीच दिली किल्ली. असे काय बघता?"

सोमा परत भिकनच्या मागे बसला आणि दोघे व्याऱ्याच्या रस्त्याला लागले.

रस्त्याच्या कडेला कुठे माणसं जमलेली दिसली की सोमाचा हात भिकनच्या खांद्यावर आवळायचा. एके ठिकाणी गाडी उलटली होती. जवळ गेल्यावर कळलं, उसाची गाडी होती.

बारडोलीच्या पुढे, सुरतेकडे तोंड करून, टॅक्सी दिसली. कडेला तिरकी उभी, पुढच्या चाकांतून धूर. झाडाखाली आई, धुरपदाबाई, गाठोड्यावर बसली होती. बाजीराव धावत आला.

"दादा, पेडल दगडासारखं झालं. चाकं सुटेनात, म्हणून थांबवली."

भिकन चाकाशी वाकला. "रबर फुगून ब्रेक आवळून बसले. बरं झालं अडकले. आधी दाब गेला असता तर गाडी थांबलीच नसती."

सोमाने बाजीरावाची कॉलर धरली. "काय ओतत होतास त्यात?"

"तेल. आमच्या लूमचं," बाजीराव गोंधळून म्हणाला. "कमी दिसलं की भरायचो. तुझी गाडी नीट चालावी म्हणून. तुले काय वाटनं, दादा?"

सोमाचा हात सुटला. त्याने नजर वर केली नाही. बाजीराव त्याच्याकडे पाहत राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला. मग त्याने आईचं गाठोडं उचललं.

"चाल माय, एसटीने जाऊ."

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती धाकट्यामागे चालू लागली.

भिकनने पुन्हा सगळं बदललं, नळ्यासुद्धा धुऊन काढल्या. बाजीरावाने गोडादऱ्यात खोली घेतली आणि आईला तिकडे नेलं. महिन्याभराने सोमा गेला. बाजीरावाने त्याला पाणी दिलं, चटई टाकली, आईच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. गाडीचं नावही काढलं नाही. सोमाने दोनदा बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्याने आईला औषधाचंच विचारलं, आणि दिवेलागणीच्या आधी तो उठला.