समोर नसताना घेतलेलं नाव

कुंकवाच्या डबीतल्या कापसात आईच्या नाकातली ती चमकी अजून तशीच होती – लाल खड्याची, मळलेल्या दांडीची... तिला जाऊन दोन वर्षं झाली, आज कुठे तिचं कपाट आवरायला घेतलं. नमिताने समोर बसलेल्या नंदूकडे पाहून बोट नाकपुडीवर टेकवलं. आई. नंदू हसला. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या या भावासाठी आईने घाटकोपरच्या याच दोन खोल्यांत हातांची एक भाषा जमवली होती – दूध म्हणजे मूठ पिळायची, वडील म्हणजे चष्मा, शाळा म्हणजे खांद्यावरचा पट्टा. पुढे नंदू मूकबधिरांच्या शाळेत गेला, तिथली भरभर भाषा शिकला, ती बोलणारी बायकोही त्याला मिळाली. आणि मी, नमिताच्या मनात आलं, लग्न होऊन मुलुंडला गेले, माझ्या हातांत तीसचाळीस शब्द उरले, तेही लहान मुलांचे...

नंदू आपल्या मुलीकडे, प्रांजलकडे वळून हातांनी काहीतरी बोलला. मध्येच त्याने डाव्या भुवईवरून बोट ओढलं.

नमिता थबकली. "हे काय गं केलं त्याने? भुवईवरून?"

"ते? तुझं नाव, आत्या! लहानपणी तुझी भुवई फाटलेली ना, त्यावरून. आजी आणि बाबा तुला हेच म्हणायचे. तुला माहीत नाही?"

कसं माहीत असणार? मी समोर असले की नंदू खांद्यावर थाप मारायचा, आई तोंडाने हाक मारायची. खुणेचं नाव लागायचं ते मी घरात नसताना...

आणि हॉस्पिटलात, घशात नळी घातलेली आई माझ्याकडे बघत भुवईवरून बोट ओढत होती, पुन्हा पुन्हा, तीन दिवस. "डोकं दुखतंय का गं?" म्हणत मी बाम चोळला, नर्सला बोलावलं. शेवटी तिने डोळे मिटून घेतले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले – आईने जाताना मला ओळखलं नाही.

"आत्या, काय झालं?"

"काही नाही गं."

मी कॉलेजात असताना, सासरी असताना, या खोलीत ती दोघं माझ्याविषयी बोलत राहिली असतील – रागाने, काळजीने, कदाचित नुसतीच आठवण म्हणून – आणि त्यातलं अक्षरही माझ्या कानावर येण्यासारखं नव्हतं... नमिताला ते सारं नंदूला विचारायचं होतं. तो तिच्या हातांकडे बघत थांबला होता. आणि तिला जाणवलं, आयुष्यात पहिल्यांदाच, की या घरात मुकं कोणी असेल तर ती आपण.